विवाहबंध मरणानंतर टिकतो काय?

ज्येष्ठी पौर्णिमेच्या सुमारास वऱ्हाडात पावसाची वाट पाहणे चालू असते आणि ऊन अजून हटलेले नसते. तरी त्या सकाळी अमरावतीच्या व अकोल्याच्या जुन्या वस्त्यांतून सूत, आंबे व हळदकुंकू घेतलेल्या स्त्रियांची रीघ वडाकडे लागते. जेथे वड उरला नाही तेथे बाजारातून आणलेली फांदी कुंडीत रोवून तिच्याभोवती फेरे घालतात. मागणे सर्वत्र एकच : जन्मोजन्मी हाच पती मिळो. या मागण्याची थट्टा करावी असे आम्हांस कधीही वाटले नाही. जिला आपला संसार गोड लागला तिने तोच पुन्हा मागितला तर त्यात गैर ते काय? परंतु मागणे ही एक गोष्ट आहे आणि बंधन ही दुसरी. मागणारीच्या ओठांवरचा शब्द उचलून तोच न मागणारीच्या पायांत बेडी म्हणून अडकविला जातो, तेव्हा मात्र गप्प बसणे आम्हांस शक्य नाही.

प्रसंग सांगतो. अकोल्यास आमच्या एका स्नेह्यांच्या घरी गेलो असता त्यांच्या कन्येचा विषय निघाला. पतीने तिला टाकल्यास नऊ वर्षे झाली. तो परगावी दुसऱ्या स्त्रीसह राहतो, आणि तेथे त्यास दोन मुलेही आहेत. कन्या सुशिक्षित आहे, स्वतःच्या पायांवर उभी आहे, वकिलाचा सल्लाही तिने घेतला होता. कागदावर सही तेवढी व्हावयाची होती. तोच घरातील एक वडीलधारी बाई म्हणाल्या, “अगं, कायदा एका जन्मापुरता. हा संबंध सात जन्मांचा. पुढल्या जन्मी त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने उभी राहशील?” कन्येने कागद बाजूस ठेवला. आम्हीही त्या क्षणी निरुत्तर झालो, आणि परत येताना गाडीत स्वतःवरच चडफडलो. तेथे देता आले नाही ते उत्तर येथे देत आहो.

प्रथम पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडू. आक्षेपकांचे म्हणणे असे की, हिंदू विवाह हा करार नसून संस्कार आहे. अग्नीच्या साक्षीने जोडलेले नाते देहाबरोबर जळत नाही. ते पुढील जन्मांतही चालते. म्हणून घटस्फोट काय किंवा विधवेचा पुनर्विवाह काय, दोन्ही धर्माच्या मुळावर घाव घालणारे आहेत. या म्हणण्यात उदात्तता नाही असे आम्ही म्हणत नाही. आमचे विचारणे इतकेच की, हे ज्या संस्काराच्या नावे सांगितले जाते त्या संस्कारात ते आहे काय?

विवाहविधीतील सप्तपदीच पाहा. आश्वलायन गृह्यसूत्रात सात पावले कशाकशासाठी टाकावयाची ते सांगितले आहे : अन्न, बल, धनाची वाढ, सुख, संतती, ऋतू, आणि सातवे पाऊल सख्यासाठी. पावले सात आहेत. जन्मांचा तेथे उल्लेखही नाही. सात पावलांचे सात जन्म कोणी केले हे शोधण्याची तसदी आक्षेपकांनी घ्यावी. तसेच वराकडून जे वचन घेतले जाते ते धर्म, अर्थ व काम या तिहींच्या बाबतीत पत्नीचा अतिक्रम न करण्याचे आहे. पुरुषार्थ चार असताना वचन तिहींचेच का? कारण चौथा जो मोक्ष, तेथे जोडप्याने जावे लागत नाही. तेथे प्रत्येक जीव एकटाच जातो. शास्त्रकारांनी जेथे हात आवरला तेथे आमच्या लोकरूढीने खुशाल हात घातला आहे.

आणि जिच्या नावाने हे व्रत, त्या सावित्रीने तरी काय मागितले? वनपर्वातील मूळ कथा काढून वाचावी. यमाकडून तिने सासऱ्याची दृष्टी मागितली, त्याचे गेलेले राज्य मागितले, पित्यास पुत्र मागितले, स्वतःस पुत्र मागितले, आणि अखेर सत्यवानाचे प्राण मागितले. हे सारे याच जन्मासाठी व याच लोकी. पुढील सहा जन्मांचे नाव तिने काढले नाही. शिवाय ही तीच सावित्री आहे, जी रथातून देशोदेशी फिरून आपला वर आपण निवडून आली, आणि नारदाने दोष दाखविल्यावरही पित्यासमोर आपल्या निवडीवर ठाम राहिली. जी स्वतः निवडते तिची निष्ठा शोभते. जिला निवडीचा अधिकारच दिला नाही तिच्याकडून सावित्रीची निष्ठा मागणे हा कोणता न्याय?

बरे, ग्रंथ बाजूस ठेवून नुसता तर्क लावू. पुनर्जन्म मानणारा मनुष्य कर्मसिद्धान्तही मानतो. ज्याचे त्याचे कर्म ज्याला त्याला भोगावे लागते. मग एक जीव पुण्यशील व दुसरा दुराचारी असेल तर ते दोघे पुन्हा एकाच घरात कोणत्या नियमाने येणार? पतीच्या पापाने पत्नीस खाली ओढावयाचे असेल तर कर्मसिद्धान्त बुडाला. नसेल तर सात जन्मांची सोबत बुडाली. आणखी एक शंका. हा सात जन्मांतील कितवा जन्म हे कोणास ठाऊक? अकोल्याच्या त्या कन्येचा हा सातवाच नसेल कशावरून?

हा गुंता केवळ आपलाच आहे असे वाचकांनी समजू नये. येशूकडे सदूकी पंथाचे लोक आले तेव्हा त्यांनी असाच पेच घातला होता. यहुद्यांत निपुत्रिक मेलेल्या भावाची विधवा दुसऱ्या भावाने करण्याची रीत होती. अशा रीतीने एक स्त्री एकामागून एक सात भावांची पत्नी झाली आणि शेवटी तीही मेली; तर पुनरुत्थानानंतर ती कोणाची? येशूने उत्तर दिले की, तेथे लग्न करणे नाही व लग्नात देणेही नाही. प्रश्न ज्या जमिनीवर उभा होता ती जमीनच त्याने काढून घेतली. प्रश्न भावांच्या हक्काचा होता. स्त्रीस कोणीच काही विचारले नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तथापि ख्रिस्ताचेच नाव घेणाऱ्या एका पंथाने ती जमीन पुन्हा घातली. अमेरिकेत जोसेफ स्मिथने १८३० साली स्थापिलेला मॉर्मन पंथ मानतो की, मंदिरात योग्य अधिकाऱ्याच्या हस्ते बांधलेला विवाह मृत्यूने तुटत नाही, तो अनंतकाळ टिकतो. आणि स्वर्गातील सर्वोच्च पदवी असा विवाह झाल्यावाचून मिळत नाही. हा उपदेश सांगणारा साक्षात्कार १२ जुलै १८४३ या तारखेचा आहे, आणि बहुपत्नीत्वाचे समर्थनही त्याच लेखात आले. पुढे राज्यसत्तेशी दीर्घ झगडा होऊन १८९० साली पंथाच्या तत्कालीन अध्यक्षाने बहुपत्नीत्व सोडण्याची घोषणा केली. पण परलोकाचा हिशेब सरळ झाला नाही. सरकारी न्यायालयाने घटस्फोट दिला तरी मंदिराची गाठ त्याने सुटत नाही. ती सोडविण्यास पंथाच्या श्रेष्ठींची वेगळी अनुज्ञा लागते. पहिली पत्नी वारल्यावर पुरुष दुसरीशीही अशीच अनंतकाळची गाठ बांधू शकतो. स्त्री जिवंत असेतो तिला एकाच पुरुषाशी अशी गाठ बांधता येते. पती वारला तरी पहिली गाठ रद्द करून घेतल्यावाचून दुसरी नाही.

समुद्रापलीकडचा हा पंथ, ज्याचा आमच्या श्रुतिस्मृतींशी काडीचा संबंध नाही. आणि तरी निष्कर्ष कसा हुबेहूब आमच्या घरचा! विवाह अनंताचा ठरला की तो अनंत स्त्रीच्या वाट्यास येतो आणि पुरुषास पुन्हा बोहल्यावर चढण्याची मोकळीक राहते. दोन खंडांतील दोन धर्म एकाच जागी येऊन पोचतात तेव्हा ती जागा परलोकात नसून इहलोकीच्या ओसरीवर आहे, असा संशय सुज्ञांस आल्यावाचून राहत नाही.

आमच्या घरचा पुरावा पाहा. मनुस्मृती सांगते की, पती मेल्यावर साध्वीने दुसऱ्या पुरुषाचे नावही घेऊ नये, म्हणजे तिला पतिलोक मिळतो. तीच स्मृती, त्याच अध्यायात, सांगते की पत्नी मेल्यास तिला अग्नी देऊन पुरुषाने पुन्हा विवाह करावा. याज्ञवल्क्य तर त्यास विलंबही करू देत नाही. आता प्रश्न असा : पहिली पत्नी पतिलोकी वाट पाहत बसली असता दुसरीही तेथेच येऊन पोचली, तर त्या लोकी संसार कोणाचा? हा प्रश्न आमच्या धर्ममार्तंडांस कधी पडला नाही, कारण उत्तर त्यांस गैरसोयीचे नव्हते.

हा प्रश्न पडला तो आमच्या वऱ्हाडातीलच एका स्त्रीस. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी विचारले की, सावित्री पतीसाठी यमापर्यंत गेली. पण पत्नीसाठी त्या वाटेने गेलेला नवरा कोणी ऐकला आहे काय? विधवेस जे नियम ते विधुरास का नसावेत? विद्वान म्हणविणाऱ्यांस न सुचलेले हे तुलनेचे माप त्यांनी हाती घेतले म्हणूनच पुस्तकाचे नावही तुलना असे आहे. आम्ही एवढीच पुस्ती जोडतो की, आदिपर्वात असा एक पुरुष आहे. सर्पदंशाने मेलेल्या प्रमद्वरेस रुरूने आपले अर्धे आयुष्य देऊन उठविले. परंतु रुरूच्या नावाचे व्रत कोणत्या पंचांगात आहे? कोणता पुरुष त्याचे स्मरण करून झाडास सूत गुंडाळतो?

येथे कोणी म्हणेल, हे सारे थोड्या उच्चवर्णीयांचे. बहुजनांत पाट होताच. होता, आणि तो वऱ्हाडास भूषणावह होता. कुणबी, माळी, तेली इत्यादी जातींत विधवेचा पाट अथवा म्होतूर लागत असे, काडीमोडही रूढ होती. संसार मोडला म्हणून आयुष्य मोडत नसे. मोर्शीकडच्या शेतात राबणाऱ्या एका वृद्ध बाईचे शब्द आमच्या कानांत बालपणापासून आहेत. तिच्या विधवा सुनेच्या पाटास भाऊबंद अडथळा करीत होते, तेव्हा ती म्हणाली, “मेलेल्याचं देनं वावरावर राह्यते बाप्पा, बाईच्या कपाळावर कायले ठेवता?” धर्मशास्त्रावरील कित्येक व्याख्याने आम्ही ऐकली; इतके नेमके वाक्य त्यांत आढळले नाही.

परंतु पाटालाही परलोकाच्या भीतीने सोडले नव्हते. तो रात्री, अंधारात लागे, आणि सवाष्णी त्यापासून दूर राहत. ब्रह्मचारी वराने विधवेशी पाट लावावयाचा तर आधी त्याचे लग्न रुईच्या झाडाशी लावीत, म्हणजे विधवा ही त्याची दुसरेपणाची ठरावी. मेलेल्या पहिल्या बायकोचा चांदीचा टाक करून दुसरीने तो गळ्यात बाळगावा व त्याची पूजा करावी, अशीही रीत होती. मेलेला जोडीदार हक्क सांगावयास परत येईल ही धास्ती या सर्वांमागे आहे. तरीही या लोकांनी भुताची समजूत घातली आणि जिवंत माणसाचा संसार थाटून दिला. उच्चवर्णीयांनी उलट केले : भुताचा हक्क कायम ठेवला आणि जिवंत बाईस कोपऱ्यात बसविले. यांपैकी अडाणी कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

इंग्रजी कायद्यानेही या गोंधळात भरच घातली. १८५६ च्या कायद्याने विधवेचा पुनर्विवाह वैध ठरला, पण त्यातच असे कलम होते की, पुनर्विवाह करणारीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क, जणू ती तेव्हाच मेली, अशा रीतीने संपावा. पती मेल्यावर जी जगावयास निघाली तिला कायद्याने मृत धरले! ज्या जातींत पाट पूर्वापार होता त्यांच्या स्त्रियांसही कित्येक न्यायालयांनी हेच कलम लावले. १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेस पतीच्या मिळकतीत स्वतःचा पूर्ण हिस्सा दिला तेव्हा कोठे हा प्रकार थांबला; आणि तो जुना कायदा १९८३ साली रद्द झाला.

घटस्फोटाकडे वळू. हा पाश्चात्त्यांकडून उसना आणला अशी ओरड अद्याप ऐकू येते. पराशरस्मृतीत पाच आपत्ती सांगितल्या आहेत : पती बेपत्ता होणे, मरणे, संन्यास घेणे, क्लीब असणे, पतित होणे. यांत स्त्रीस दुसरा पती विहित आहे. याच वचनाच्या आधारावर ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाचा लढा दिला. आता १९५५ चा हिंदू विवाह कायदा शेजारी ठेवून पाहा. सात वर्षे पतीची खबर नसणे, संन्यास, धर्मांतर ही घटस्फोटाची कारणे आणि क्लीबत्वाने विवाह रद्द होणे, हे सारे त्यात आढळेल. कायद्याने सात जन्मांच्या जागी सात वर्षे धरली, एवढेच काय ते नवे! बडोद्यास सयाजीरावांनी १९३१ साली, मुंबई प्रांताने १९४७ साली हा मार्ग मोकळा केला होता. हिंदू संहितेसाठी झगडताना डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिले होते की, हिंदूंतील बहुसंख्य जातींत काडीमोड आधीपासून रूढ आहे. ते विधेयक रखडले म्हणून त्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. कायदा चार वर्षांनी आला. दोन वर्षे टाकून दिलेल्या जोडीदारास घटस्फोट मागता येईल ही तरतूद, आणि परस्परसंमतीने विभक्त होण्याची सोय, १९७६ साली झाली. आज अमरावतीस व अकोल्यास कौटुंबिक न्यायालये आहेत. दार उघडे आहे. उंबऱ्यावर मात्र सात जन्म आडवे पडले आहेत.

आणि विदर्भकन्यांनी तरी हा उंबरा कधी मानला? ज्या वर्धेकाठच्या कौंडिण्यपुराचा आम्ही अभिमान मिरवितो तेथील रुक्मिणीने भावाने ठरविलेला शिशुपाल नाकारला आणि आपण होऊन कृष्णास पत्र धाडले. अमरावतीच्या अंबादेवीच्या दर्शनास आली असता कृष्णाने तिला रथात घेतले, असे आम्ही पिढ्यान्पिढ्या सांगतो आणि हात जोडतो. दमयंतीही विदर्भाचीच. अर्धे वस्त्र कापून नल तिला अरण्यात टाकून गेला. त्यास शोधण्यासाठी तिने दुसऱ्या स्वयंवराची हूल उठविली. ती हूल होती हे खरे; पण निरोप मिळताच अयोध्येचा ऋतुपर्ण ‘सात जन्मांची पत्नी पुन्हा कशी वरील?’ असे म्हणत बसला नाही. त्याने घोडे जोडले. ज्या समाजात ती गोष्ट अशक्य असती तेथे ती हूल चाललीच नसती.

“परंतु अशाने घरे मोडतील,” हा शेवटचा आक्षेप. घरे मोडतात ती दारूने, मारहाणीने, हुंड्याने, दुसऱ्या घरोब्याने. न्यायालय मोडलेल्या घराची नोंद करते. ते मोडीत नाही. विवाह सहज तुटावा असे आमचेही म्हणणे नाही. क्षणाच्या रागाने निघालेल्यांस वडीलधाऱ्यांनी अवश्य थांबवावे, समेट करावा, मुलांकडे पाहावयास सांगावे. पण त्यांनी जी कारणे सांगावयाची ती या जन्मातील सांगावीत. ज्याची साक्ष काढता येत नाही अशा जन्माची भीती घालू नये. आणि घालावयाचीच असेल तर ती टाकून गेलेल्या नवऱ्यास आधी घालावी.

हा वाद केवळ सुशिक्षितांच्या दिवाणखान्याचा नाही. अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या विधवा गावोगाव आहेत. कित्येकींचे वय तिशीच्या आत. सातबारावर नाव लावून घ्यावयाचे, सावकाराला तोंड द्यावयाचे, मुले शाळेत धाडावयाची, आणि एवढे करून हळदीकुंकवाच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसावयाचे. १९५६ च्या कायद्याने जमिनीत हिस्सा दिला. कपाळावरचा हिस्सा द्यावयास गाव तयार नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींसही तो कित्ता गिरविण्यास सांगितले. ठराव उत्तम आहे. पण ठरावाने बांगडी वाचते. बाई अजून मेलेल्याचीच आहे ही समजूत त्याने जात नाही. ती आपण घराघरांतून घालविली पाहिजे, आणि जेथे आपण पुराण सांगतो तेथेच घालविली पाहिजे.

म्हणून आमचे मागणे थोडे आहे. जिला जन्मोजन्मी तोच पती हवा तिने तो अवश्य मागावा. आम्ही तिच्या वडाला पाणी घालू. जिला नको तिला एवढेच म्हणू द्यावे की, या जन्माचे पुरे. शास्त्राने तिला सात पावले चालावयास सांगितली होती. सहा पावले चालून सातव्या पावलाचे सख्य ज्याने मोडले त्याच्यामागून सात जन्म चालण्यास कोणत्याही ऋषीने सांगितलेले नाही.

अकोल्याच्या त्या घरी आम्ही या पौर्णिमेनंतर पुन्हा जाणार आहो. कागद अजून त्याच खणात आहे असे कळते. त्या वडीलधाऱ्या बाईंस आम्ही नम्रपणे एकच विचारणार आहो : “पुढल्या जन्मी ही त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने उभी राहील याची चिंता आपण केलीत, पण या जन्मी तो तिच्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहणार, हे त्याला कोणी विचारले आहे काय?”